सांदवाडीची नोंद

आलापल्लीहून चंद्रपूर, सिरोंचा, एटापल्ली आणि भामरागड अशा चहू बाजूंना जे रस्ते फुटतात, त्यांवरून एके काळी सागाच्या ओंडक्यांनी लादलेल्या बैलगाड्या व पुढे मालमोटारी जात, आणि आता सुरजागडच्या लोहखनिजाच्या अजस्र गाड्या धावतात; परंतु या धुळकट हमरस्त्यापासून दोन गल्ल्या आत शिरले, की जी कवेलूंची जुनी घरे लागतात, त्यांच्या उजव्या अथवा डाव्या कुशीला, पळाटीच्या किंवा बांबूच्या कुंपणाने वेढलेला, पावसाळ्यात वालाच्या व दोडक्याच्या वेलांखाली झाकून जाणारा आणि उन्हाळ्यात एखाद्या आंब्याच्या सावलीवर तग धरून राहणारा जो जमिनीचा तुकडा दिसतो, त्याला या झाडीपट्टीत सांदवाडी म्हणतात. पुण्यामुंबईचा वाचक तिला परसबाग म्हणेल. मला तो शब्द पुरेसा वाटत नाही, कारण परसबागेत हौसेचा अंश असतो आणि सांदवाडी ही निव्वळ गरजेची वस्तू आहे. न्हाणीचे पाणी तेथे केळीला मिळते, चुलीची राख वांग्यांना मिळते, शेळी तेथेच बांधली जाते आणि आठवडी बाजारात पैसे मोडावे न लागता चार दिवसांची भाजी तेथेच निघते.

तिचा आणखी एक उपयोग आहे, जो घर बांधणाऱ्याने मनात धरलेला असतो पण सहसा बोलून दाखविलेला नसतो. थोरल्याचे लग्न होते, यथाकाल धाकट्याचे होते, दोघी जावा काही वर्षे एका चुलीवर नांदतात, आणि मग एखाद्या दिवाळीनंतर, भांडण होऊन अथवा न होताही, चूल वेगळी होते. वेगळी झालेली चूल गावाबाहेर जात नाही; ती सांदवाडीत जाते. म्हाताऱ्या आईला दोन्ही घरांचा धूर एकाच छपरीतून दिसावा, नातवंडांनी एका घरी जेवून दुसऱ्या घरी निजावे, आणि विहीर मात्र एकच असावी, ही या मुलखातील गृहरचनेची जुनी रीत आहे. ती कोणा नगररचनाकाराने कागदावर काढलेली नाही. म्हातारा सकाळी उठतो, पावलांनी अंतर मोजतो, चार खुंट्या ठोकतो, शेजाऱ्याला बोलावून सुतळी दाखवितो, आणि शेजाऱ्याने मान डोलावली की परवानगी झाली, असा व्यवहार कालपरवापर्यंत चालत आला.

आज त्या चार खुंट्यांना दरखास्त, नकाशा, दाखला आणि हुकूम यांची जोड लागते, आणि ती लागावी याबद्दल माझी तक्रार नाही. आलापल्ली ही आता वनाधिकाऱ्यांच्या बंगल्यांभोवती वसलेली लहानशी वस्ती राहिलेली नाही. खाणीच्या आणि वाहतुकीच्या निमित्ताने बाहेरून माणसे आली आहेत, खोल्या भाड्याने जात आहेत, आणि सांडपाणी कोठे जावे हा प्रश्न गल्लीगल्लीत उभा आहे. अशा ठिकाणी कोणी कोठेही भिंत उभारावी, असे शहाणा माणूस म्हणणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की परवानगी देणाऱ्याने नवे घर शेजाऱ्याला, विहिरीला, वाटेला आणि झाडाला काय करील हे विचारावे. ते न विचारता, ही जमीन कोणत्या दफ्तरात कोणत्या नावाने निजली आहे एवढीच चौकशी वर्षानुवर्षे चालते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची योग्यता ज्या ग्रामसभेपाशी आहे, तिच्याकडे तो कोणी नेत नाही. दुसऱ्याचे उत्तर तर एकाही दफ्तरापाशी नाही.

हे उत्तर का नाही, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आलापल्ली ज्या अहेरी जमीनदारीत होती, ती जुन्या चांदा जिल्ह्यातील सर्वांत मोठी जमीनदारी. त्या काळी हा मुलूख मध्य प्रांतात व पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, आणि मध्य प्रदेश शासनाने १९५० साली मालकी हक्क नष्ट करणारा जो कायदा केला, त्याने मालगुजारी व जमीनदारी या दोन्ही संस्था बुडाल्या. रान, नाले, तळी, बाजार आणि पडीक जमीन सारे सरकारजमा झाले. परंतु त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात एक अपवाद आहे, आणि तो आजच्या किती अधिकाऱ्यांच्या वाचनात आला असेल याची मला शंका वाटते. गावठाणाच्या हद्दीत शेतीच्या अथवा घरगुती उपयोगासाठी जी मोकळी कुंपणे १९४८-४९ पूर्वी सलग बारा वर्षे कोणाच्या कब्जात असतील ती कुंपणे, त्यांतील विहिरी आणि त्यांतील झाडे यांसह, ज्याच्या ताब्यात आहेत त्याच्याचकडे राहतील, असा त्या कलमाचा आशय आहे. घरगुती उपयोगाचे मोकळे कुंपण म्हणजे सांदवाडी, याहून निराळा अर्थ निघत नाही. जमीनदाराचा वाडा आणि गोंड-माडिया रयतेची वालाची वेल या दोहोंना विधिमंडळाने एकाच वाक्यात अभय दिले होते.

अभय दिले, पण मोजमाप घेतले नाही. गावठाण, ज्याला त्या प्रांतात आबादी म्हणत, ते जमाबंदीच्या नकाशावर बहुधा एका बाह्यरेषेने दाखविले जाई. आत कोणाचे घर कोठे, कोणाचे कुंपण कोठवर, हे त्या रेषेच्या पोटात मुकाट राही. शेतीवर आकार बसत होता म्हणून शेताची इंच न् इंच नोंद झाली. आबादीवर बसत नव्हता म्हणून तिची झाली नाही. पुढे ग्रामपंचायती आल्या, घरपट्टी आली, आणि नमुना ८ नावाची करआकारणीची नोंदवही आली. तिच्यात घर चढले, छप्पर चढले, भिंत मातीची की विटांची हेही चढले. वालाचा मांडव मात्र पुष्कळ ठिकाणी चढला नाही. शिवाय नमुना ८ हा कराचा कागद आहे, मालकीचा नव्हे, हे कोर्टकचेरीत गेलेल्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकावे लागते.

आता समजा, अशा घरातील धाकट्या मुलाने सांदवाडीत दोन खोल्या बांधण्याचे मनात आणले. ग्रामपंचायत त्याला मालकीचा दाखला मागते. तो तलाठ्याकडे जातो, तर जागा गावठाणात असल्यामुळे सातबारा निघत नाही. भूमिअभिलेखाच्या कचेरीत जातो, तर आखीव पत्रिका तयार झाली असेल तरच मिळणार. कुंपणाचा मागचा भाग गावठाणाच्या रेषेबाहेर गेला असेल, तर तेवढ्यापुरता तो शेतजमिनीत उभा असतो आणि तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो; त्या कायद्याखालचे प्रमाणभूत क्षेत्र २०२३ साली कमी करून जिरायतीस २० व बागायतीस १० गुंठे केले गेले, पण सांदवाडी बिचारी चार-पाच गुंठ्यांची. गावठाणापासून २०० मीटरच्या आतील जमिनीला अकृषिक वापराची सवलत महसूल संहितेत आली आहे खरी, परंतु ते २०० मीटर कोठून मोजावयाचे, ती रेषाच मुळात कोणी गावकऱ्याने पाहिलेली नसते. घराणे आदिवासी असून बिगरआदिवासीशी काही व्यवहार गुंतला असेल, तर त्याच संहितेचे, आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर बंधन घालणारे कलम ३६-अ उभे राहते, आणि ते उभे राहिलेच पाहिजे. यातील प्रत्येक कचेरी आपापल्या जागी कायदेशीर वागत असते. प्रत्येकीचा शिक्का खरा असतो, प्रत्येकीचे पत्र ‘आपणांस कळविण्यात येते की’ या शब्दांनीच सुरू होते, आणि अर्जदाराला जे कळावयास हवे ते सोडून बाकी सर्व त्याला कळविले जाते.

एका कचेरीत मी स्वतः बसलो असता एका वृद्ध अर्जदाराला विचारण्यात आले, की बाबाजी, ही तुमची जागा शेती आहे की रहिवास? फॉर्मात दोनच रकाने होते. म्हातारा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “साहेब, सकारी वावर आहे जी, सांजेला घर.” कारकून हसला, मीही हसलो; पण त्या उत्तराहून अचूक व्याख्या मला अद्याप कोठल्याही अधिसूचनेत आढळलेली नाही. अर्ज अर्थातच त्रुटीची पूर्तता करण्यासाठी परत गेला.

या मुलखात आणखी एक दफ्तर आहे, जे पश्चिम महाराष्ट्रातल्या अर्जदाराला सहसा भेटत नाही, आणि ते म्हणजे वनखात्याचे. येथे गावाची शीव संपते तेथे वनाचा मुनारा उभा असतो, आणि कधी कधी गाव संपण्याआधीच उभा असतो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगल नावाचा जमिनीचा जो एक वर्ग आहे, त्याची कथा तर अशी विलक्षण आहे, की ती सांगताना हसावे की रडावे ते कळत नाही. ज्या जमिनीवर मोठी झाडे नव्हती, खुरटी झुडपे होती, गुरे चरत होती, गावकरी निस्तारासाठी काटक्या आणीत होते, अशा जमिनींना जुन्या मध्य प्रदेशच्या महसुली कागदांत झुडपी जंगल असे नाव पडले. १९५६ साली जिल्हे मुंबई राज्यात आले, त्यांच्याबरोबर कागद आले, कागदांबरोबर नाव आले. मग १९८० साली वनसंवर्धनाचा कायदा झाला, आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात, शब्दकोशातील अर्थाने जे वन ते वन, आणि सरकारी कागदात ज्याला वन म्हटले तेही वन, असा आदेश दिला. झुडपांचे जंगल झाले ते त्या एका शब्दाने. त्यावर शाळा उभ्या होत्या, स्मशाने होती, सरकारी कचेऱ्या होत्या, आणि माणसे राहत होती.

हा गुंता २२ मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने बऱ्याच अंशी सोडविला. सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगल हे वनच मानले जाईल, असे न्यायालयाने सांगितले. परंतु १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने ज्या जमिनी लोकांना दिल्या, त्या वनांच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवावा आणि केंद्राने पर्यायी वनीकरणाची अथवा त्या जमिनीच्या वनमूल्याची अट न घालता त्याचा विचार करावा, असाही मार्ग खुला केला. निर्णय समतोल आहे. परंतु त्यातील ‘सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या’ हे शब्द सांदवाडीवाल्याने पुन्हा पुन्हा वाचावेत, कारण त्याची सांदवाडी कोणा अधिकाऱ्याने दिलेली नाही. ती त्याच्या आजोबाने काटे लावून राखली. सरकारकडून जागा मिळालेल्या माणसापाशी कागद आहे. ज्याला सरकारकडे जागा मागण्याचे कारणच पडले नाही, त्याच्यापाशी नाही.

डिसेंबर १९९६ हा महिना या प्रदेशाच्या इतिहासात मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. १२ तारखेला न्यायालयाचा तो आदेश आला, आणि त्यानंतर बाराच दिवसांनी, २४ तारखेला, अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींविषयीचा, पेसा या नावाने आता घरोघर माहीत झालेला कायदा अमलात आला. पहिल्याने जमिनीविषयीचा अंतिम शब्द दिल्लीच्या हाती दिला. दुसऱ्याने गावाच्या परंपरा, साधनसंपत्ती आणि वाद मिटविण्याची रीत यांचे रक्षण करण्याची पात्रता ग्रामसभेपाशी आहे, असे मान्य केले. अहेरी तहसील १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आहे, म्हणून आलापल्लीला हे दोन्ही लागू. महाराष्ट्राला पेसाचे नियम करण्यास २०१४ साल उजाडावे लागले, यावरून त्या दोन तारखांपैकी शासनाने कोणती अधिक मनावर घेतली, हे वाचकांनी ठरवावे.

राज्यकर्त्यांना या अडचणीची जाणीव नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. सप्टेंबर २०२० मध्ये तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी पाचव्या अनुसूचीने दिलेल्या अधिकाराचा उपयोग करून वनहक्क कायद्यात राज्याच्या अनुसूचित क्षेत्रापुरता फेरबदल केला, आणि आदिवासी व इतर पारंपरिक वननिवासी कुटुंबांना गावालगतच्या वनजमिनीवर घरे बांधण्याची वाट मोकळी केली; कुटुंब वाढले, गावठाण वाढले नाही, म्हणून माणसांनी गाव सोडून जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. कुटुंब वाढते आणि गावठाण वाढत नाही, हे एवढे साधे सत्य राजभवनातून उच्चारले गेले, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु गावाबाहेरच्या वनात घर बांधण्यास वाट देणाऱ्या व्यवस्थेने गावातल्या सांदवाडीत घर बांधण्याची वाटही तितकीच सरळ करावयास नको काय? वनाला हात न लावता जे घर होऊ शकते, ते अधिक अवघड का असावे?

पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, ग्रामविकास खात्याने ग्रामीण भागात १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील बांधकामास निराळ्या परवानगीची आवश्यकता नाही, आणि ३२०० चौरस फुटांपर्यंत नगररचनाकाराकडे न जाता ग्रामपंचायतीनेच प्रारंभ प्रमाणपत्र द्यावे, असे जाहीर केले. कागदावर ही मोठीच मुक्ती. तथापि त्या सवलतीसाठी जी कागदपत्रे ग्रामपंचायतीत ठेवावी लागतात, त्यांत पहिला कागद मालकीचा आहे, आणि आपण पुन्हा जेथून निघालो त्या खुंटीपाशी येतो. घरकुलाचेही तेच. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात प्रधानमंत्री आवास योजनेत घर बांधण्यासाठी अनुदान मिळते. ज्याला जागा नाही त्याला जागा विकत घेण्यासाठी १ लाखापर्यंत साह्य देणारी निराळी योजना आहे. आणि ज्याला जागा आहे पण कागद नाही, तो या दोन्ही योजनांच्या मधल्या भेगेत उभा आहे. एकीला तो भूमिहीन वाटत नाही, दुसरीला तो मालक वाटत नाही.

झाडांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून आलापल्लीवरचा लेख पुरा व्हावयाचा नाही. सांदवाडीत बहुधा एखादा साग असतो, मोह असतो, आंबा असतो, आणि ही तिन्ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. तेव्हा घराच्या पायाआड आलेले स्वतःचे झाड तोडण्यासही वनखात्याची अनुज्ञा लागते, आणि झाड आदिवासी खातेदाराचे असेल तर त्याच्या विक्रीला १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. हे कायदे व्यर्थ नाहीत. ठेकेदारांनी एका दारूच्या बाटलीवर आदिवासींची सागाची झाडे नेली, म्हणून ते करावे लागले. तरीही या व्यवस्थेतील एक विसंगती मनाला लागून राहते. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये याच जंगलांतला साग बल्लारपुराहून मोठ्या मिरवणुकीने गेला, आणि ज्या गावच्या लाकडाची कीर्ती अशी उत्तरेपर्यंत पोचली, त्या गावचा मनुष्य सांदवाडीतल्या घराला सिमेंटची चौकट आणि लोखंडी दार लावतो. कारण ते आणावयास वाहतुकीचा परवाना लागत नाही.

याच गावापासून भामरागडच्या वाटेवर वनवैभव नावाचा जो ६ हेक्टरांचा नैसर्गिक वनाचा तुकडा आहे, तो १९५३ पासून राखलेला असून २०१४ साली त्याला राज्यातील पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान मिळाला. तेथील वृद्ध सागांच्या पायथ्याशी उभे राहिले, की मनुष्याची बडबड आपोआप थांबते. मी तेथे अनेकदा गेलो आहे, आणि परतताना प्रत्येक वेळी एकच विचार आला आहे: सरकारने मनावर घेतले, तर ६ हेक्टरांची हद्द सत्तर वर्षे रेसभर न हलता राहू शकते. मग ५ गुंठ्यांच्या सांदवाडीची हद्द एकदा आखण्यास काय हरकत आहे?

घराशेजारच्या बागेत घर बांधण्याचा हा प्रश्न केवळ आपलाच आहे, असे कोणी मानू नये. ज्या १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा कायदा झाला, त्याच साली इंग्लंडमध्ये नगर व ग्रामरचनेचा असा कायदा झाला, की जमीन मालकाची राहिली तरी तिच्यावर बांधण्याचा हक्क सार्वजनिक परवानगीच्या अधीन झाला. तेथेही घराशेजारच्या बागांचे तुकडे पाडून त्यांवर घरे बांधण्याची लाट आली, लोक तिला बागा बळकावणे म्हणू लागले, आणि २०१० साली सरकारने घरगुती बागांना ‘पूर्वी बांधकाम झालेली जमीन’ या व्याख्येतून वगळले, जेणेकरून स्थानिक संस्थेला नाही म्हणण्याचा अधिकार अधिक बळकट व्हावा. तेथील पद्धतीत घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. लहान घराच्या अर्जाचा निकाल सामान्यतः आठ आठवड्यांत लागावा अशी मुदत आहे, शेजाऱ्याला कळवून त्याचे म्हणणे ऐकले जाते, आणि नकार दिला तर कारण लेखी द्यावे लागते. म्हणजे तेथेही अखेर सुतळी शेजाऱ्याला दाखवावी लागतेच; फक्त ती दाखविल्याची नोंद राहते.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की सांदवाडीत घरे झाली तर सांदवाडी उरणार नाही, आणि तिच्याबरोबर घरची भाजी, सावली व पाणी मुरण्याची जागाही जाईल. हे खरे आहे. सगळी सांदवाडी घराखाली घालणारा बाप मला शहाणा वाटत नाही, आणि अशा अर्जाला ग्रामसभेने स्पष्ट नकार द्यावा. विहिरीपासून शौचालयाचा खड्डा किती लांब, न्हाणीचे पाणी शोषखड्ड्यात जाते की शेजाऱ्याच्या भिंतीत, मोहाचे झाड वाचवून पाया दोन हात सरकविता येतो की नाही, हे प्रश्न तिने खोदून खोदून विचारावेत. गावातल्या बायका हे प्रश्न कोणत्याही अभियंत्याहून चांगले विचारतील. पावसाळ्यात कोणाच्या दारात पाणी साचते, हे त्यांना नकाशावाचून ठाऊक असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाट सोपी केली, की तिच्यावरून सर्वांत आधी गरजू मनुष्य न चालता भूखंडांचा दलाल चालतो. जेथे खाणीचा पैसा येतो तेथे गरिबाची सांदवाडी मुखत्यारपत्रावर, साध्या करारावर, कधी आदिवासी नोकराच्या नावावर परक्याच्या हाती जाते आणि तेथे घराऐवजी भाड्याच्या खोल्यांची चाळ उभी राहते. ३६-अ कलम डोळे उघडे ठेवून बसलेले असताना हे घडते. म्हणून मी त्या कलमात कसलीही ढिलाई मागत नाही. मी जी सवलत मागतो ती कुटुंबापुरती आहे: जुन्या घराचा कब्जेदार आणि नव्या घराचा अर्जदार हे बाप-लेक, भाऊ-भाऊ अथवा माय-लेक असावेत, आणि सोडून दिलेल्या अगर विधवा लेकीलाही त्यात स्थान असावे. या मर्यादेत ग्रामसभेचा ठराव हाच कब्जाचा पुरावा मानावा, तलाठी, ग्रामसेवक व वनरक्षक या तिघांनी एकाच दिवशी एकत्र येऊन एकच पंचनामा करावा, आणि त्या पंचनाम्यावर तहसीलदाराने ठरावीक मुदतीत लेखी निकाल द्यावा. तीन माणसे तीन दिवशी येतात, तेव्हा अर्जदाराचे तीन दिवसांचे काम बुडते आणि तिघांची मते जुळत नाहीत, असा अनुभव आहे. अपील अहेरीतच ऐकले जावे. येथून गडचिरोली शंभर किलोमीटरांच्या घरात आहे, आणि मजुरी बुडवून एसटीने तेथे जाऊन ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे ऐकणे हा कोणाच्या न्यायाचा भाग असू नये.

हे होण्यासाठी नवा कायदा लागतो असेही नाही. १९५० च्या कायद्यातील ते कलम आहे, पेसाचे नियम आहेत, आणि मोजमापाची जी उणीव राहिली होती ती भरून काढण्याची संधीही चालून आली आहे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाचे ड्रोनने चित्र घेऊन घरोघर आखीव पत्रिका व सनदा दिल्या जातात. ड्रोन उडण्याआधी गावात प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढली जाते, कारण आकाशातील डोळ्याला कवेलू दिसतात, चुना दिसतो, पण आजोबाने लावलेले काट्यांचे कुंपण वालाच्या वेलाखाली दिसत नाही. ज्या सांदवाडीभोवती ती रेघ पडली नाही, ती चित्रात नुसती मोकळी जागा होते, आणि कागदावर नाव न लागलेली मोकळी जागा पुढे कोणाची म्हणून लिहिली जाईल, याचा अंदाज या मुलखातील माणसाला कोणी सांगावयास नको.

तेव्हा अहेरी तालुक्यातील माझ्या वाचकांना एक विनंती आहे. या योजनेखाली आपल्या गावची चौकशी अद्याप व्हावयाची असेल, तर त्या दिवशी घरातील कर्त्या माणसाने मजुरीला जाऊ नये. चुन्याची पाटी आपण स्वतः धरावी आणि रेघ घराच्या भिंतीपाशी न थांबविता सांदवाडीच्या मागच्या कुंपणापर्यंत न्यावी, शेजारच्या लगतधारकाला उभे करून त्याच्या देखत न्यावी. सनदा वाटून झाल्या असतील, तर पेटीतून ती काढून आज संध्याकाळीच मुलाकडून वाचून घ्यावी, तिच्यातले क्षेत्र सांदवाडीसह आहे की नाही ते पाहावे, आणि नसेल तर दुरुस्तीचा अर्ज व त्याला पाठिंबा देणारा ठराव येत्या ग्रामसभेत सही-अंगठ्यानिशी मंजूर करून घ्यावा. अर्जाची पोच घेतल्यावाचून कचेरीच्या पायऱ्या उतरू नयेत.